अर्धा आटा

डाव्या गालावरचा फेस उतरला होता, उजव्यावरचा अजून तसाच होता, तेवढ्यात चादरीखाली फोन थरथरला. न्हाव्याने वस्तरा हवेत धरला आणि बघा काका, मी थांबतो, असं समजूतदारपणे म्हटलं. हा समजूतदारपणा त्याला अलीकडे जागोजागी भेटू लागला होता आणि दर वेळी डोक्यात जात होता. पासष्टीच्या माणसाला फोन बघायला वेळ लागतो, हे जगाने परस्पर ठरवून टाकलं होतं. चष्मा आरशाखालच्या फळीवर होता. तो मागायचा नाही म्हणून त्याने फोन हातभर लांब धरला. अक्षरं मोठी होती. मुलीने ती कधीतरी गुपचूप मोठी करून ठेवली होती, आणि त्याने ते लक्षात न आल्यासारखं केलं होतं. संदेश ओळंब्याचा होता, कारागिरांच्या नोंदींच्या त्या ॲपचा. तुमची नोंद क्रमांक दोनशे सतरा आजवर एक्केचाळीस जणांना उपयोगी पडली, अभिनंदन. आणि त्याखाली, त्याच आनंदी हिरव्या रंगात: या नोंदीवर एक नवा अनुभव आला आहे. अनुभव म्हणजे एक फोटो होता. फोटोत छत जमिनीवर होतं.

छतं त्याला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहत. हे छत लाकडी पट्ट्यांवरचं होतं, जुन्या चुन्याचं, शंभर-सव्वाशे वर्षांचं तरी असावं. अशा छतात चुना पट्ट्यांच्या फटींतून वर दाबलेला असतो, पलीकडे जाऊन तो वळतो, वाळतो, आणि त्या हजारो बारक्या आकड्यांवर अख्खं छत लोंबकळत राहतं. आकडे तुटले की त्यानंतरही काही वर्षं ते वर असतं, नुसत्या सवयीने. फोटोत त्या सवयीचे तुकडे पसरले होते आणि मधोमध एक झाडू पडला होता. त्याने आधी झाडूकडेच पाहिलं. मग मजकूर वाचला. आमची दोघांची फर्म आहे, मी आणि माझी बायको. नोंद दोनशे सतराप्रमाणे सगळं केलं. विसाव्या दिवशी टेकू काढले, छत घट्ट होतं, ठोकून पाहिलं. तीन तासांनी बायको खाली झाडत असताना ते कोसळलं. तिचं गळ्याखालचं हाड मोडलं आहे. ओळंब्याच्या प्रत्येक नोंदीत शेवटी एक रकाना असतो, तुमची चूक, आणि बाजूला बारीक अक्षरांत, रिकामा ठेवला तरी चालेल. त्या दोघांनी तो रिकामा ठेवला नव्हता. आमचा हात नवा आहे, टेकू काढताना आमचंच काहीतरी चुकलं असणार, काय ते कुणाला कळलं तर कृपया सांगा.

मूर्ख, तो म्हणाला. न्हावी म्हणाला, कोण? त्याने उजवा गाल पुढे केला आणि डोळे मिटले.

मूर्ख हा शब्द त्याला ओळंब्याच्या पहिल्या दिवसापासून तयार ठेवावा लागला होता. शाळेच्या एका हॉलमध्ये लहान लहान फर्म्सना बोलावलं होतं: जुन्या खिडक्या दुरुस्त करणारे बाप-लेक, कौलांचा एक ठेकेदार, दगडावरचा रंग काढणाऱ्या दोन बहिणी, आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत फरशा विकणारा एक इसम, ज्याच्या कार्डावर आता वारसातज्ज्ञ असं छापलेलं होतं. समोर स्वच्छ बुटांचा प्रशिक्षक उभा होता. चुन्याच्या कामावर आयुष्य काढलेल्या माणसाचे बूट कसे असतात हे त्या खोलीत निम्म्यांना माहीत होतं, तरी ते सगळे त्या बुटांकडे भक्तिभावाने बघत होते. प्रशिक्षक सांगत होता की मोठ्या कंपन्यांकडे सल्लागार असतात, प्रयोगशाळा असतात, तुम्हा दोन-चार माणसांच्या फर्म्सना ते परवडत नाही. म्हणून हा ओळंबा, साध्यातल्या साध्या फोनवर चालणारा, नेटवर्क नसलं तरी चालणारा. एकाला जे कळलं ते दुसऱ्याला तळघरात उभं राहून वाचता येईल. मग हात छातीवर ठेवून तो म्हणाला, भिंत तुमच्याशी बोलत असते, फक्त ते लिहून काढा. चाळीस वर्षांत एकही भिंत त्याच्याशी एक अवाक्षर बोलली नव्हती. भिंती गप्प असतात हीच तर अडचण होती, म्हणून तर माणसाला बोटांची पेरं झिजवावी लागत. पण त्याची मुलगी पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होती, आणि महिन्याभरात ती ओळंब्याची गावातली संयोजक झाली होती. स्कूटरवरून फर्म-फर्म हिंडायची, म्हाताऱ्या गवंड्यांपुढे फोन धरून बसायची, त्यांच्या बोलण्यातलं निम्मं खोकणं वगळून उरलेलं नोंदीत बसवायची. घरी येऊन सांगायची, बाबा, आज अकरा नोंदी झाल्या. जसा काही मासेमारीचा हिशेब. त्याने एकतीस दिल्या. बापाच्याच नोंदी नसतील तर लोक मला विचारणार नाहीत का, असं ती एकदा म्हणाली होती, आणि त्याने तिच्याकडे न बघता म्हटलं होतं, लिही.

नोंद २१७
काम: पट्ट्यांवरचं सुटलेलं छत न पाडता पुन्हा धरणं.
पायरी ४: बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल करा.
पायरी ५: गादी लावलेली फळी खालून टेकवा. आट्याचे, म्हणजे फिरवून वर-खाली होणारे, लोखंडी टेकू उभे करा. छत पट्ट्यांना भिडेपर्यंत हलकेच वर घ्या.
पायरी ६: वरून धूळ काढा, पाणी शिंपडा, पातळ चुना ओता. वीस दिवस थांबा.
पायरी ७: टेकू काढा.
तुमची चूक: नाही.

सहा आणि सात यांच्यामध्ये एक पायरी असते. ती मामाची होती. त्याच्या आईचा हा भाऊ कमी बोलायचा आणि बोलायचा तेव्हा शिव्या द्यायचा. बरोब्बर विसाव्या दिवशी सकाळी मामा त्याला पाणी आणायला पाठवायचा. पाणी भरलेलं असलं तरी पाठवायचा. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, लग्न ठरलेलं होतं, आणि मामा त्याला रिकामी बादली देऊन दाराबाहेर काढायचा. असं पाच छतांना झालं. सहाव्या छताला तो बादली जिन्यात ठेवून परत आला आणि दाराच्या फटीतून पाहिलं. मामा टेकू काढत नव्हता. एकेका टेकूचा आटा अर्धाच फिरवत होता, गूळ चोरणाऱ्या माणसासारखा, मग कान वर करून उभा राहत होता. अर्धा आटा, मग एक दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी ठोकून ऐकायचं, पुन्हा अर्धा. सात दिवस. चुना घट्ट दिसतो तेव्हा तो नुसता वाळलेला असतो. ओझं घ्यायला त्याला शिकवावं लागतं. हे शिकवणं म्हणजे मामाच्या आयुष्यभराची मिळकत होती आणि मरेपर्यंत ती त्याने कुणाला दिली नाही. भाच्याने ती फटीतून घेतली. त्याबद्दल त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. ज्याला हवं असेल त्याने जिन्यात बादली ठेवून परत यावं. पलंगावर पडून फोनवर वाचून ज्यांना छत धरायचं होतं, त्यांच्याबद्दल त्याला जे वाटायचं त्याला तो राग म्हणत नव्हता. रागाला समोरचा माणूस तोलाचा लागतो.

न्हाव्याने पाण्याचा फवारा मारला. थंड थेंब कानामागे गेले, आणि त्याला ती संध्याकाळ आठवली, नोंद दिली ती. स्वयंपाकघरातलं टेबल. मुलगी समोर, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. तो सांगत होता, ती लिहीत होती. सहावी पायरी झाली. मग तो थांबला. हे थांबणं त्याला स्पष्ट आठवत होतं. तो थांबला, मनात म्हणाला, इथपर्यंत पुरे, पुढचं ज्याचं त्याने बघावं, आणि मिशीत हसून म्हणाला, टेकू काढा. झालं. एकदम साधी गोष्ट.

किंवा असं. सहावी पायरी झाली. तो थांबला, कारण दाराची बेल वाजली. मुलगी उठून गेली, खालच्या मजल्यावरची बाई चावी मागायला आली होती. त्या बाईचं लांबण लागलं. तो टेबलावर बोट फिरवत बसला, टेबलाला एका जागी चीर होती, त्या चिरेत साखर गेली होती. मुलगी परत आली, म्हणाली, हं, पुढे? तो म्हणाला, टेकू काढा.

किंवा असं. सहावी पायरी झाली. बेल वाजली नाही. बाई आली ती वेगळ्या दिवशी. तो थांबला, आणि जिथे मामा असायचा तिथे काही नव्हतं. दार होतं, फट होती, बादली होती, आत खोली पांढरी. मग तो म्हणाला, टेकू काढा.

तिसरं खोटं होतं. तिसरं त्याने आत्ता, या खुर्चीत बनवलं होतं, कारण खुर्ची मागे कललेली होती आणि रक्त डोक्यात जात होतं. पहिलं खरं होतं. पहिल्यात त्याला स्वतःचं हसू आठवत होतं. पण माणसाला स्वतःचं हसू दिसतं कुठून?

न्हावी तुरटी फिरवू लागला तेव्हा फोन पुन्हा थरथरला. आता त्याने चष्मा मागितला. दोनशे सतराखाली दुसरा मजकूर आला होता, आणि तो डावखुरीचा होता. डावखुरी नऊ वर्षं त्याच्याकडे कामाला होती. डाव्या हाताने थापी धरायची, त्यावरून त्याने पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं, आणि पुढे तिने स्वतःची फर्म काढली तेव्हा गंमत म्हणून पाटीवर तेच लिहिलं. तिने लिहिलं होतं: या नोंदीत एक पायरी राहिली आहे. टेकू एकदम काढायचे नसतात, रोज अर्धा आटा सैल करायचा, सात दिवस. मी हे काकांकडूनच शिकले, त्यांच्यासारखं काम मी पाहिलेलं नाही. वय झालं, सांगताना राहून गेलं असेल. कृपया त्यांना कुणी बोल लावू नये. ताईंच्या प्रकृतीला आराम पडो.

खाली सतरा माणसांनी हात जोडल्याची खूण टाकली होती. तुरटी झोंबली. न्हावी म्हणाला, कापलं का कुठे? नाही, तो म्हणाला, कुठेच कापलं नाही. आरशात एक गुळगुळीत म्हातारा होता ज्याला कुणी बोल लावू नये. सतरा जणांनी हात जोडले होते आणि त्यांतल्या एकालाही चुना किती वेळ मुरवतात हे नीट माहीत नव्हतं, तो फरशीविक्यासुद्धा जोडलेल्यांत होता. फरशीविक्या त्याची कीव करत होता. आणि डावखुरी, तिने त्याला मामाची पायरी त्याच्याच नावाने परत दिली होती, जशी लहान मुलाला सांडलेला पेला पुसून पुन्हा हातात देतात. तिला त्याने ती पायरी शिकवली होती? तिला त्याने नऊ वर्षं पाणी आणायला पाठवलं होतं. म्हणजे तीही परत आली होती. तिनेही बादली जिन्यात ठेवली होती आणि फटीतून पाहिलं होतं. आणि आता ती ते काकांकडून शिकले म्हणून सांगत होती. खोटारडी. चांगली, सभ्य खोटारडी. त्याला ती एकदम आवडली आणि म्हणूनच तिचा जास्त संताप आला.

त्याचं सध्याचं काम चाललं होतं ते सार्वजनिक वाचनालयाच्या वाचनकक्षात. न्हाव्याच्या दुकानापासून दहा मिनिटांची वाट, ती त्याने पंधरा मिनिटांत संपवली. बसथांब्यावर लोक फोनमध्ये मान घालून उभे होते, त्या प्रत्येकाच्या हातात ओळंबा आहे आणि प्रत्येकजण दोनशे सतरा वाचतो आहे असं त्याला वाटत राहिलं. वाचनकक्षाचं छत बारा टेकूंवर उभं होतं. टेबलं भिंतीला लावलेली, पुस्तकांच्या कपाटांवर प्लास्टिक. आज विसावा दिवस. आज पहिला अर्धा आटा. लांब्या नावाचा त्याचा जुना माणूस, तीस वर्षं त्याच्याकडे असलेला, शिडीपाशी बसून बिडीशिवाय बिडी ओढल्यासारखं तोंड करत होता, कारण आत ओढायला बंदी होती. मुलगी आधीच आलेली होती. तिच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावर तोच समजूतदारपणा होता, घरचा.

तो तिला टाळून सरळ टेकूंकडे गेला. पहिल्याचा आटा दोन्ही हातांनी धरला, थंड लोखंड, तेलाचा वास. अर्धा फिरवला, ऐकलं. वर काही नाही. दुसरा. वर कुठेतरी एक कण सुटला आणि घरंगळला, मग शांत. तिसरा. बोटांना नेमकं माहीत होतं अर्धा म्हणजे किती. ओळंब्याने एवढं लिहून दाखवावं, अर्धा म्हणजे किती ते.

"बाबा." ती खिडकीपाशी उभी होती. "दोन मिनिटं या."

ती बोलत गेली ते हळू आवाजात, लांब्याला ऐकू जाऊ नये म्हणून. लांब्याने आधीच सगळं वाचलेलं असणार हे तिला माहीत असूनही. त्या जखमी बाईंशी फोनवर बोलणं झालं होतं. बाई हसत होत्या म्हणे, मी झाडत नसते तर बरं झालं असतं असं म्हणत होत्या. हाड जुळेल पण उजवा हात पूर्वीसारखा वर जाईल की नाही ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. छताचं काम करणाऱ्या माणसाचा हात वर गेला नाही तर काय, हे तिने म्हटलं नाही. तिने नोंदीची दुरुस्ती लिहून तयार ठेवली होती. ती वाचून दाखवली. सांगताना एक पायरी राहून गेली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. खाली त्याचं नाव. ओळंब्याची संघटना समजून घेते, ती म्हणाली, वडीलधाऱ्या माणसांच्या बाबतीत तर सगळेच समजून घेतात.

"तुम्ही फक्त हो म्हणा."

"राहून गेली नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"गाळली. मुद्दाम."

ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी ती अशीच बघायची, तो कामावरून पांढराफटक होऊन यायचा तेव्हा, हा आपलाच बाप का म्हणून.

"का?"

"माझी होती म्हणून."

"बाबा, जाणूनबुजून अपुरी नोंद दिली तर ती फर्म काढून टाकतात. सगळ्या नोंदींसकट. तो नियम मी लिहिलाय." तिचा आवाज कोरडा झाला. "मग मी कुठल्या तोंडाने कुणाच्या दारात फोन घेऊन जाऊ? आणि त्या बाईंना काय सांगू?"

"जे आहे ते सांग."

"खरंच तसं आहे?" ती एक पाऊल जवळ आली. "बाबा, विसरला असाल तर विसरलो म्हणा ना. विसरण्यात काय आहे एवढं? माणसं विसरतात."

माणसं विसरतात. तो तिच्या हातातल्या फोनकडे बघत होता. त्यात एका बाजूला एक लबाड माणूस होता, ज्याच्याबद्दल उद्यापासून लोक थुंकतील, पण थुंकताना म्हणतील की त्याला येत होतं. दुसऱ्या बाजूला एक म्हातारा होता, हात जोडलेल्या सतरा जणांमध्ये बसलेला, आणि त्याला कुणीतरी शाल पांघरत होतं. मधे त्याची मुलगी होती. तिचं काय होईल ते त्याला दिसत होतं. ते त्याने नजरेच्या कडेला ठेवलं, जसं उन्हात काम करताना सूर्य ठेवतात.

"लिही," तो म्हणाला, आणि तिने हलायच्या आत सांगू लागला. सहा आणि सातच्या मधली पायरी. विसाव्या दिवशी एकही टेकू काढू नये. भिंतीपासून सुरुवात करून मधल्याकडे यावं, मधल्यापासून कधीही नाही. प्रत्येक आटा अर्धा सैल. फळी आणि छत यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली तर थांबावं, पुन्हा वर घ्यावं, आणखी दहा दिवस द्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पेराने ठोकावं, सकाळीच, कारण दुपारी लाकूड तापतं आणि खोटं बोलतं. पुन्हा अर्धा. सात दिवस. त्या सात दिवसांत खाली कुणी झाडू नये, कुणी उभं राहू नये. तो अडखळला नाही. एक शब्द शोधावा लागला नाही. सांगता सांगता त्याला बरं वाटू लागलं. ज्याला एवढं सगळं असं येतं तो विसरेल कसा? मुलगी भराभर लिहीत होती, तिचे अंगठे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"आणि शेवटचा रकाना," तो म्हणाला. "तिथे लिही, ही पायरी मी मुद्दाम गाळली. मला येत होती. माझं नाव."

तिने लिहिलं. पाठवण्याआधी एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, त्याला एक संधी देत असल्यासारखं, आणि त्याने ती घेतली नाही. मग तिने अंगठा दाबला. फोनने छोटा आनंदी आवाज केला. ती स्कूटरची चावी घेऊन टेबलांच्या कडेकडेने बाहेर गेली. टेकूंच्या मधून गेली नाही. तेवढं तिला त्याने लहानपणी शिकवलेलं होतं.

बरं झालं, तो मनाशी म्हणाला. फरशीविक्याचे जोडलेले हात आता सुटले असतील. तो परत फिरला, तळहात पँटला पुसले, आणि टेकूचा आटा दोन्ही हातांनी धरला.

"काका," लांब्या शिडीजवळून म्हणाला. उठला नाही, आवाजही चढवला नाही. "तो झाला की. तिसरा. पुढचा घ्या."

हात लोखंडावर होते. वर बारा टेकूंवर एक अख्खं छत होतं. आटा अजून न फिरवलेला होता की सैल केलेला, हे बोटांनी सांगायला हवं होतं, त्यांनी नेहमी सांगितलं होतं, आणि आता ती नुसती गार पडली होती. त्याने आठवून पाहिलं. पहिला, थंड लोखंड. दुसरा, तो कण. मग खिडकी.

"माहीत आहे," तो म्हणाला. "बघत होतो."

"हो," लांब्या म्हणाला.

 लांब्या खिडकीबाहेर बघू लागला. तीस वर्षांत त्याने कधी इतकं मन लावून खिडकीबाहेर पाहिलेलं नव्हतं. मग आटा सोडून याने शर्टाच्या खिशातला खडू काढला, पोकळ जागेवर गोल करायचा तो. आजवर त्याने छतावर खडू चालवला होता, टेकूवर कधी नाही. मामाने टेकूवर कधी काही लिहिलं नाही. तो तिसऱ्या टेकूच्या मागच्या बाजूला गेला, जी भिंतीकडे होती आणि जिथून कुणाला दिसलं नसतं, आणि खाली वाकून, लोखंडावर, मोठ्या अक्षरांत लिहिलं: अर्धा. मग पहिल्यावर लिहिलं, दुसऱ्यावर लिहिलं, आणि चौथ्याचा आटा फिरवण्याआधी खडू दातात धरला.